नानकटाई काय काय सोडून आपल्या घरात आली



कार्तिकी पौर्णिमा झाली की दरवर्षी एकच प्रश्न मला वेगवेगळ्या तोंडून ऐकू येतो. "काकू, अंडं नाहीये त्यात, मग चालेल ना?" कधी तो केकबद्दल असतो, कधी निळ्या डब्यातल्या लोण्याच्या बिस्किटांबद्दल. यंदा तो नॉर्वेहून आला. माझी भाची नोकरीनिमित्त तिकडे असते. तिकडे नाताळात घरोघरी सात प्रकारची बिस्किटे करण्याची रीत आहे. तिच्या शेजारणीने प्रेमाने दोन-तीन कृती लिहून दिल्या. त्या मला पाठवून तिने विचारले, "मावशी, यातलं अंडं काढलं की झालं ना आपलं?"

खरे सांगायचे तर, तेवढ्याने होत नाही. पण नुसते "नाही" म्हणून मुलींना गप्प बसवणे मला पटत नाही. त्यांना कारण हवे असते, आणि ते विचारायचा त्यांना हक्क आहे. म्हणून तिला जे लांबलचक पत्र लिहिले, तेच थोडे नीटनेटके करून आज तुमच्यासमोर ठेवते आहे. बिस्किट आणि केक आपल्या पेण-रोह्याच्या घरांत कसे आले, येताना वाटेत त्यांनी काय काय सोडले, आणि ते कोणामुळे सोडले, त्याची ही गोष्ट.

थंड देशातले लोण्याचे बिस्किट

आधी त्या बिस्किटांविषयी. नॉर्वे थंड मुलूख. गाई-बकऱ्या पाळायच्या, दुधाचे लोणी काढायचे आणि ते खारवून हिवाळ्यासाठी साठवायचे, हा तिथला जुना शिरस्ता. आपल्याकडे उन्हाळ्यात लोणी दोन दिवसांत खवट होते म्हणून आपण ते कढवून तूप करतो. तिथे हवाच थंड, त्यामुळे लोणी लोणीच राहते. साहजिकच त्यांच्या गोड पदार्थांचा पाया लोणी.

तरी घरोघरी भाजलेली बिस्किटे ही तिथेही फार जुनी गोष्ट नाही. आधी चुलीवर तापवलेल्या लोखंडी साच्यांत पातळ पापडासारखे गोड प्रकार होत. एकोणिसाव्या शतकात लोखंडी शेगड्या आल्या, त्यांना भाजण्याचा कप्पा होता, आणि मग ट्रेमध्ये भाजायची बिस्किटे सामान्य घरांत पोचली. हाना विन्स्नेस नावाच्या एका धर्मगुरूच्या पत्नीने १८४५ साली घरकामाचे आणि स्वयंपाकाचे मोठे पुस्तक लिहिले. ते तिकडे पिढ्यान्‌पिढ्या वापरले गेले. आपल्याकडे लक्ष्मीबाई धुरंधरांचे 'गृहिणीमित्र' किंवा पुढे कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' जशी लेकीच्या रुखवतात गेली, तसेच काहीसे.

भाचीने पाठवलेल्या कृतींत एक होती साच्यात दाबून करायची बदामाची, 'सान्दकाकर'. दुसरी गोल कड्यासारखी, 'बर्लिनरक्रान्सर', तिच्यात तर उकडलेल्या अंड्याचा बलक कुस्करून घालतात. तिसरी 'सिरीनाकाकर'. तिन्हींत मैदा, साखर, भरपूर लोणी आणि अंडे. काहींत फुगण्यासाठी एक पांढरी पूड घालतात. तिच्या नॉर्वेजियन नावाचा अर्थच 'हरणाच्या शिंगाचे मीठ' असा आहे. पूर्वी ती खरोखरच शिंगे जाळून, त्यांतून निघणाऱ्या अर्कापासून करत. आज ती कारखान्यात रसायनांपासून होते, हरणाचा काही संबंध उरलेला नाही. आपल्याकडच्या बेकऱ्यांत 'अमोनिया' म्हणतात तीच ही. पण नाव वाचून भाची दचकली, आणि मला बरे वाटले. एखादी वस्तू तोंडात घालण्याआधी ती कशाची आहे हे विचारणे, यालाच तर आपण जयणा म्हणतो.

अंड्याच्या पुढचा प्रश्न

अंडे का नको हे आपल्या घरातल्या पाच वर्षांच्या मुलालाही सांगावे लागत नाही. अडते ते लोण्यापाशी. "दूध चालते, दही चालते, तूप चालते, मग लोणी का नाही?" हे विचारणाऱ्या मुलींचे काही चुकत नाही.

आपल्याकडे मध, मद्य, मांस आणि माखण या चार महाविगई सांगितल्या आहेत. बाराव्या शतकात हेमचंद्राचार्यांनी 'योगशास्त्रा'त श्रावकांसाठी अभक्ष्य गोष्टी सांगितल्या, त्यांत लोणी आहे. दिगंबर परंपरेत अमृतचंद्राचार्यांच्या 'पुरुषार्थसिद्ध्युपाया'तही लोणी वर्ज्यच मानले आहे. कारण असे सांगितले जाते की लोणी ताकापासून वेगळे झाले की अंतर्मुहूर्तात, म्हणजे दोन घटका किंवा ४८ मिनिटे पुरी होण्याच्या आत, त्यात सूक्ष्म जीवांची उत्पत्ती सुरू होते. दोष दुधाचा किंवा स्निग्धतेचा नाही, दोष थांबण्याचा आहे.

माझे माहेर रोह्याचे. तिथे आजी लोणी काढायची तेव्हा कढई आधी चुलीवर चढलेली असायची. रवी थांबली, लोण्याचा गोळा वर आला, की तो ताकातच तरंगत ठेवायचा. मग बाहेर काढायचा तो थेट कढईत. तेवढ्या वेळात दारावर कोणीही आले तरी आजी उठत नसे. आम्हा पोरींना वाटायचे, आजी तुपाच्या बाबतीत फारच हट्टी. ती घड्याळाकडे न बघता मुहूर्त पाळत होती, हे पुष्कळ नंतर उमगले.

म्हणजे जगाच्या दृष्टीने तूप हा लोण्याचा टिकाऊ प्रकार. आपल्या दृष्टीने त्या दोहोंमध्ये एक पूर्ण व्रत उभे आहे.

सुरतेची भट्टी

आता बिस्किट आपल्या बाजूला कसे आले ते पाहू. सतराव्या शतकात डचांनी सुरतेत वखार घातली. त्यांना रोज पाव लागे, म्हणून भट्ट्या आल्या. डच गेल्यावर त्यांची भट्टी फरामजी पेस्तनजी दोटीवाला या पारशी गृहस्थांकडे आली, असे सांगतात. त्यांच्या बेकरीचे साल १८६१ देतात. त्या काळी पाव फुगवायला ताडी वापरत. गोव्यात पोदेर सुर वापरत, तोच प्रकार. ताडीचा पाव आणि अंड्याचे बिस्किट म्हटल्यावर सुरतेचे वैष्णव-जैन गिऱ्हाईक त्या भट्टीकडे फिरकेना. मग अंडे गेले, ताडी गेली. उरले पीठ, तूप आणि साखर. ती आपली नानकटाई. 'नान' हा फारसी शब्द, अर्थ रोटी.

ही गोष्ट बहुतेक ठिकाणी बेकरीवाल्याच्या हुशारीची म्हणून सांगितली जाते. हुशारी होतीच. पण मला त्यात दुसरी बाजू दिसते. अंडे कोणी वगळायला लावले? ज्या बायकांनी ते बिस्किट घरात येऊ दिले नाही, त्यांनी. त्यांची नावे कुठे लिहिलेली नाहीत. त्यांनी मोर्चा काढला नाही, फक्त घेतले नाही. एखादी वस्तू शांतपणे न घेणे यात केवढी ताकद असते, ते नानकटाईच्या प्रत्येक घासात आहे.

पेण-रोह्याची पाळणूक

सुरत-मुंबईचा माल आपल्या भागात यायचा तो खाडीने. धरमतरच्या खाडीतून गलबते, पुढे आगबोटी. पेणचे तांदूळ आणि मीठ तिकडे जायचे, मुंबईचे कापड-किराणा इकडे यायचा. रेल्वे रोह्यापर्यंत आली ती १९८६ साली, म्हणजे आपल्यातल्या अनेकींच्या आठवणीतच. कारखान्याची बिस्किटे मात्र त्याच्या कितीतरी आधी पोचली होती. मुंबईच्या विलेपार्ल्याचा कारखाना १९२९ चा, आणि त्याची ग्लुकोज बिस्किटे चहाबरोबर कोकणातल्या गावागावात गेली.

खाण्याचे नियम पाळणारे या भागात आपण एकटे नव्हतो, हेही नमूद करायला हवे. पेण, रोहा, अष्टमी, रेवदंडा या पट्ट्यात बेने इस्रायल समाज शेकडो वर्षे राहिला. पेणकर, रोहेकर, अष्टमकर ही त्यांची आडनावे याच मातीतली. तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. वल्हांडणाच्या सणात त्यांच्या घरात आंबवलेला कणही राहत नाही. मांसाबरोबर दूध चालत नाही म्हणून त्यांच्या गोडात नारळाचे दूध आले. त्यांचा धर्म वेगळा, आहार वेगळा. पण "आपल्या चुलीवर काय चढायचे ते आपण ठरवायचे" ही शिस्त एकाच पेठेतल्या दोन घरांत शेजारी शेजारी नांदत होती. त्यातले बहुतेक लोक पुढे इस्रायलला गेले. पाळणुकीमुळे माणसे एकमेकांपासून तुटतात, असे कोणी म्हटले की मला ही पेठ आठवते.

आपल्या घरांत बिस्किटे 'करणे' सुरू झाले ते भट्टीमुळे. दिवाळीआधी आणि मे महिन्याच्या सुट्टीत बायका मैदा, रवा, पिठीसाखर, तूप असे सगळे डब्यांत घेऊन गावातल्या बेकरीत जायच्या, समोर बसून बिस्किटे भाजून घ्यायच्या आणि पत्र्याचा डबा भरून आणायच्या. महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत हे चित्र होते. सामान आपले, हात बेकरीवाल्याचा. आपल्या बायकांची अडचण एवढीच की त्याच ट्रेवर आदल्या रात्री काय भाजले होते, ते कळायला मार्ग नाही. काहीजणी पहाटेचा पहिला घाणा मागायच्या आणि ट्रेही घरून न्यायच्या. काहीजणींनी भट्टीच सोडली.

माझ्या सासूबाई दुसऱ्या प्रकारच्या. पेणच्या या घरात मी आले तेव्हा त्यांना बेकरीच्या पदार्थांचे आजन्म पच्चक्खाण होते. त्याला कारणही होते. १९३७ पासून बाजारात डालडा आला. स्वस्त म्हणून पुढे बिस्किटांत सर्रास वनस्पती तूप पडू लागले. आणि १९८३ साली त्या वनस्पती तुपात परदेशी चरबी मिसळल्याच्या बातम्यांनी देशभर खळबळ उडाली. सासूबाई म्हणायच्या, "जे दिसत नाही त्याचा नियम कसा पाळायचा? त्यापेक्षा दिसेल तेवढंच खाऊ."

पण त्यांच्या नातवंडांना बिस्किट हवे होते. मग त्यांनी घरातच भट्टी केली. ॲल्युमिनियमचे जाड पातेले, तळाला दोन बोटे जाडे मीठ, वर स्टँड, स्टँडवर तुपाचा हात फिरवलेली थाळी, वर घट्ट झाकण. पेणच्या खाडीकाठी मिठागरे, त्यामुळे जाड्या मिठाला तोटा नव्हता. मीठ तापले की उष्णता सगळीकडून सारखी लागते आणि तळ करपत नाही. एकदा वापरलेले मीठ डब्यात भरून पुढच्या वेळी तेच. नानकटाई व्हायला वीस-पंचवीस मिनिटे लागायची. त्यांच्या पच्चक्खाणात एक फटही न पाडता त्यांनी आयुष्यातले बिस्किट चाखले, ते हे.

आता पाकिटावर हिरवा ठिपका असतो. २००१ पासून तो सक्तीचा झाला आणि आपली मोठी सोय झाली. पण सख्यांनो, तो ठिपका काय सांगतो तेवढेच तो सांगतो. लोणी त्याला अडत नाही, यीस्ट अडत नाही, मध अडत नाही. 'एगलेस' या शब्दाचेही तसेच. तो एकच दार बंद असल्याची खात्री देतो.

केकचे काय?

केकची एक गंमत फार कमी जणींना ठाऊक आहे. इंग्लंडात बर्मिंगहॅमला आल्फ्रेड बर्ड नावाचे औषधविक्रेते होते. त्यांच्या पत्नी एलिझाबेथ यांना अंडे सोसत नसे, यीस्टही सोसत नसे. त्यांच्यासाठी त्यांनी १८३७ साली बिनअंड्याची कस्टर्ड पावडर केली आणि १८४३ साली बेकिंग पावडर. ज्या दोन डब्यांवर आज आपला बिनअंड्याचा केक आणि फ्रूट कस्टर्ड उभे आहे, ते दोन्ही एका स्त्रीच्या पथ्यातून जन्मले. तिचे कारण प्रकृतीचे, आपले अहिंसेचे. पण घरातल्या एकीला जे चालत नाही ते सगळ्या घराने सोडून नवी वाट शोधावी, ही गोष्ट मला मनापासून आवडते.

सुक्या मेव्याचा फ्रूट केक मुळात टिकाऊ पदार्थ. साहेब लोक त्यात ब्रँडी घालत, म्हणून तो महिनोन्‌महिने राही. केरळात तलश्शेरीच्या मांबळी बापूंनी १८८३ च्या नाताळात एका इंग्रज मळेवाल्यासाठी केक केला, तेव्हा ब्रँडीऐवजी तिथलीच गावठी दारू वापरली, असे सांगतात. त्यांनी परकी दारू काढून देशी घातली. आपल्याला दारूच नको. आणि ती नसली की केकचा स्वभावच बदलतो. तो ओलसर राहतो, आणि ओलसर पदार्थ रात्र ओलांडून गेला की आपल्याकडे वासी. म्हणून आपला केक सकाळी करायचा आणि सूर्यास्ताच्या आत संपवायचा. दुसऱ्या दिवशीसाठी ठेवायचा नाही. वाटून खायला याहून चांगले निमित्त कोणते?

नानकटाई मात्र कोरडी, तिला पक्वान्नाचा काळ लागतो. आमच्या समुदायात तो पावसाळ्यात १५ दिवस, उन्हाळ्यात २० आणि हिवाळ्यात ३० दिवस धरतात. कोकणातला आषाढ-श्रावण अनुभवलेल्या बाईला हे पटवून द्यावे लागत नाही. झाकण जरा सैल राहिले तर चौथ्या दिवशीच नानकटाई मऊ पडते.

आणखी एक जुळणी बघा. फाल्गुन चौमासीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत आमच्या घरी खारीक, खजूर आणि इतर सुका मेवा बंद. म्हणजे मेव्याचा केक करायला आपल्याकडे कार्तिक ते फाल्गुन एवढाच अवकाश. जगभर फ्रूट केकचा मोसम कोणता? डिसेंबर. दोन्ही पंचांगे एकमेकांना न विचारता एकाच थंडीत येऊन मिळतात.

भाचीला काय लिहिले

शेवटी कामाचे. लोण्यात सुमारे ८० टक्के स्निग्धांश आणि बाकी बरेचसे पाणी असते, तुपात पाणी जवळजवळ नाहीच. म्हणून कृतीत १०० ग्रॅम लोणी असेल तर ८० ग्रॅम तूप घ्यायचे आणि पीठ मळताना लागेल तसे चमचा-दीड चमचा दूध. अंड्याची चिकटण नाही आणि लोण्यातले पाणी नाही, त्यामुळे नाजूक कडी-वेण्या नीट वळणार नाहीत, तुटतील. गोल पेढ्यासारखा आकारच बरा. बिस्किट खुसखुशीत होईल, वर भेगा पडतील. नानकटाईला भेगा हव्यातच.

नानकटाईला एक वाटी रवाळ, थिजलेले तूप परातीत हाताने फेसून पांढरे करायचे. त्यात पाऊण ते एक वाटी पिठीसाखर, मग दीड वाटी मैदा, अर्धी वाटी बेसन, पाव वाटी बारीक रवा, पाव चमचा सोडा, वेलची-जायफळ. जुन्या कृतींत हलकेपणासाठी चमचाभर दही सांगतात. बेसन घातले असेल तर कच्चे दही घालू नका, ते द्विदळ होते. दही हवेच असेल तर बेसन वगळा. १७० अंशांवर १५ ते २० मिनिटे.

केकला दोन वाट्या मैदा, एक वाटी पिठीसाखर, अर्धी वाटी पातळ तूप, एक चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा सोडा. खजूर आधी उभा चिरून आत नीट बघायचा, मग बारीक करून वाटीभर गरम दुधात भिजवायचा. कालवताना दूध कमी पडले तर थोडे आणखी. भांड्यात ओतण्याआधी चमचाभर लिंबाचा रस. व्हिनेगर नको, तो आंबवलेला.

यात काय कोणाला चालते नि काय नाही, याबाबत समुदायासमुदायात थोडे फरक आहेत. ते आपापल्या गुरुभगवंतांना विचारून घ्या. कोणी लोणी खात असेल तर तिच्याकडे वाकड्या नजरेने बघायला हा लेख नाही.

पण त्या शेजारणीला काय सांगायचे, हा भाचीचा खरा प्रश्न होता. तिने प्रेमाने दिलेली कृती नाकारली असे तिला वाटू नये. मी लिहिले, नाकारू नकोस. तिच्या सात प्रकारांच्या ताटात आठवा प्रकार ठेव. तिला सांग की याचा पूर्वजही युरोपातूनच जहाजात बसून आमच्याकडे आला होता. येताना अंडे होते, ताडी होती. आमच्या बायकांनी एकेक उतरवून ठेवले, आणि जे उरले ते आम्ही परत घेऊन आलो आहोत.

काल तिचा निरोप आला. शेजारणीने विचारले आहे, तूप कुठे मिळते. मी कळवले, मिळत नसेल तर कढव. आणि लोणी ताकातून बाहेर काढण्याआधी कढई गॅसवर ठेव.